मोजणीत न आलेली वाट

सिद्धोधनरावांनी अंगठा दाबून धरला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा माणूस पुन्हा एकदा डावीकडं वळून हवेला धडकला.

“अण्णा, सरळ जा. समोर वेस हाय ना,” त्यांची लेक संघप्रिया म्हणाली.

सांगायची ही तिसरी वेळ. सिद्धोधनरावांनी त्या माणसाला चार पावलं मागं घेतलं, लिंबाला वळसा घातला आणि परत तिथंच नेलं, वेशीच्या डाव्या अंगाला, पडक्या गावकुसाच्या कडेला. तिथं दिसायला गवत होतं, बाभळी होत्या, वर आभाळही होतं. पाऊल तेवढं पुढं पडत नव्हतं. खांद्यावर गाठोडं घेतलेला तो माणूस जागच्या जागी पाय हलवत राहिला.

आतून सत्यशीलाबाईंचा भाकरी थापायचा आवाज थांबला. रिमोट बिघडलं असेल, असं त्या म्हणाल्या. मग नवऱ्याला ऐकू जाईल इतपत आवाजात “नाचता यीना, अंगण वाकडं” हेही त्यांनी जोडलं. ज्याच्यावर बोटं फिरवून खेळायचं त्या वस्तूला घरात सगळे रिमोटच म्हणत. संघप्रियानंही दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं होतं.

आता खेळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गाड्या उडतात, बंदुका वाजतात. पुण्यातल्या कंपनीत चार वर्षं संघप्रिया तेच करत होती. दुसऱ्यांच्या खेळांतल्या गाड्यांची चाकं काढायची, चिखलातली वेगळी, डांबरावरची वेगळी. मग एक दिवस ती नोकरी सोडून, लॅपटॉप आणि रिमोट घेऊन घरी आली ती आलीच. मला आपलं गाव करायचंय, म्हणाली. पोरगी नोकरी सोडून खेळ करायला आली, हे अंगणवाडीतल्या बायकांना सांगताना सत्यशीलाबाईंच्या नाकी नऊ आले. पण पोरगी कुणाची? बापासारखीच हट्टी. दहा महिने खाली मान घालून बसली.

सावळगव्हाण धरणात गेलं तेव्हा संघप्रिया दहा वर्षांची होती. तिच्या खेळात ते गाव शेवटच्या एका दिवसापुरतं परत उभं होतं. सकाळ झालेली असते, संध्याकाळी पाणी येणार असतं. गाठोडं घेऊन लिंबापासून निघायचं आणि गावातून चालत दुधना नदीच्या काठापर्यंत जायचं. वाटेत कोणत्याही दाराला हात लावला की त्या घरचं माणूस बोलायला लागतं. म्हाताऱ्या मुंजाजीनं आपल्या ओसरीवर कोण कोण झोपून गेलं ते सांगितलं होतं. जीवन वाण्यानं मिठाच्या पोत्यावर बसणाऱ्या मांजरीची गोष्ट सांगितली होती. खरे आवाज, खऱ्या माणसांचे. नव्या गावठाणात घरोघर फिरून तिनं ते गोळा केले होते.

“ह्यात जिंकायचं कसं?” सत्यशीलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“जिंकायचं न्हाई. चालायचं.”

“मग त्याला खेळ कामून म्हणायचं?”

तेव्हा संघप्रियानं आईला समजावून सांगितलं होतं, की गोष्ट ऐकताना माणूस बसून असतो आणि सांगणारा नेईल तिकडं जातो. ह्यात आपल्या पायानं गोष्टीत शिरायचं असतं. कोणतं दार आधी, कुठं थांबायचं, कुठं पाठ फिरवायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. त्यामुळं दोन माणसं एकाच गावातून गेली तरी दोघांची गोष्ट निराळी होते. सत्यशीलाबाई बरं बाई म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

एक्केचाळीस दारं बोलत होती. एक मुकं होतं, आणि ते संघप्रियाच्या स्वतःच्या घराचं होतं. सिद्धोधनराव तीस वर्षं गावचे कोतवाल होते. तलाठ्याचं दप्तर पोचवायचं, दवंडी द्यायची, साहेब आला की गाव दाखवायचं. कुणाच्या भिंतीत कोणता दगड कुठून आला हे त्यांना ठाऊक. दुसऱ्यांच्या घरच्या गमती ते जेवताना रंगवून सांगत. पण पोरीनं मोबाइल पुढं धरला की हात झटकत. “मला काय सांगायचं न्हाई.” विनवून झालं, रुसून झालं, पालथ्या घड्यावर पाणी. येत्या रविवारी शाळेच्या खोलीत सगळ्या गावापुढं खेळ लावायचा होता. बाकीचं गाव बोलेल आणि आपलंच घर मुकं राहील, हे संघप्रियाच्या जिवाला लागून राहिलं होतं.

अण्णांनी दहा महिन्यांत त्या रिमोटला बोटसुद्धा लावलं नव्हतं. काल मात्र गिरणीपाशी त्यांना मोठ्या घरच्या नर्मदाबाई भेटल्या. त्या म्हाताऱ्या बाईंना संघप्रियानं आदल्या दिवशीच खेळ दाखवला होता. कोतवाल, तुमच्या पोरीनं मला माझ्या माजघरात नेऊन आणलं, तुमी बघितलं न्हाई का, असं त्यांनी विचारलं. सिद्धोधनराव पिठाचा डबा घेऊन घरी आले आणि आज सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, “आण बगू ते.”

संघप्रियाला झालेला आनंद तिच्या बोटांत मावेना. वायर लावताना दोनदा चुकली. तिच्या मनात एकच चित्र होतं. अण्णा छाती काढून वेशीतून जातायत, मारुतीच्या पारासमोरून, पेठेच्या मधोमध. त्या पेठेची फरसबंदी तिनं महिनाभर खपून केली होती. कुणासाठी? ह्याच माणसासाठी. आणि हा माणूस वेशीबाहेरच्या आपल्या मुक्या दारापुढं थोडा वेळ उभा राहिला, दाराला हात न लावता फिरला आणि वेस सोडून गावकुसाच्या कडेनं निघाला.

त्या कडेला पूर्वी एक वाट होती, हे तिला ऐकून ठाऊक होतं. अण्णांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या बायांनी भरली घागर घेऊन वेशीतून, पारासमोरून जायचं नव्हतं. गावाला वळसा घालून, काळ्या रानातून, नदीच्या खालच्या पाणवठ्यावर जायचं. पोरांनीही शाळेला तिकडूनच. संघप्रिया जन्मली तोवर ती वाट बाभळींनी गिळली होती. ती स्वतः वेशीतूनच शाळेला गेली, रोज. गाव उभं करताना तिनं तहसिलीतून धरणाच्या वेळच्या मोजणीचा नकाशा काढून आणला. त्यात ती वाट नव्हती. नव्हती ते बरंच झालं, असं तिला वाटलं. कशाला हवी? खेळ करणाऱ्याला कुठंतरी सांगावं लागतं की इथं जग संपलं, यापुढं कुणी जाऊ शकत नाही. तिथं न दिसणारी भिंत घालतात. संघप्रियानं ती भिंत बरोबर त्या वाटेच्या तोंडाशी घातली होती, आणि घालताना तिला बरं वाटलं होतं.

आता तिचाच बाप त्या भिंतीवर चौथ्यांदा धडका देत होता.

“वेशीतून जायला आजबी भेता का अण्णा?” तिच्या तोंडून निघून गेलं. “हितं कोण अडवायलंय तुम्हाला?”

सिद्धोधनरावांचा अंगठा थांबला. त्यांनी रिमोट खाली ठेवलं, त्याची वायर नीट गुंडाळली, वर टाचणी लावावी तशी बोटानं दाबली.

“ह्याच्यात गाव न्हाई,” एवढंच ते म्हणाले आणि टोपी घेऊन बाहेर पडले.

सत्यशीलाबाई पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. त्या रागावल्या की आवाज खाली जायचा. “तोंड आवर जरा. तीस वर्सं रोज वेशीतून दप्तर घिऊन गेलेला माणूस हाय त्यो. पारावर बसलेल्यांनी रामराम घालावा म्हणून कधी थांबला न्हाई, आन् कुणाला भिऊन कधी कडंनं गेला न्हाई. तुला काय ठाऊक?”

भीती नव्हे, तर मग काय? तिनं आईला विचारलं, त्या वाटेवर असं काय होतं. सत्यशीलाबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं शेळीसुद्धा शिरत नव्हती. संघप्रियानं लॅपटॉप बंद केला. आपण बापाला भित्रा म्हटलं, ह्या एका गोष्टीची तिला अशी काही शरम वाटली की चपला कुठं काढल्या तेच सापडेना. शेवटी आईच्या घालून गेली.

नव्या गावठाणातले रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. शेवटच्या गल्लीनंतर जुना डांबरी रस्ता लागतो, तो उताराला लागून थेट पाण्यात शिरतो. पुढचा मैलाचा दगड पाण्यात आहे, असं लोक म्हणतात. त्या उतारावर एक पूल, पूल कसला, मोरीच, आणि तिच्या कठड्यावर सिद्धोधनराव बसलेले. पलीकडं भोयांची जाळी वाळत होती. संघप्रिया जवळ जाऊन खाली रस्त्यावरच बसली.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“चुकलं तर हायेच,” सिद्धोधनराव म्हणाले. “पर तुझ्या आधी माझं चुकलंय.”

मग ते बोलायला लागले, आणि दहा महिने मोबाइलपुढं ज्यांना शब्द फुटला नव्हता ते थांबेनातच. धरणाची मोजणी आली त्या वर्षी अकरा दिवस टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं. दुसरं टोक मोजणीवाल्यांच्या हातात. घर, ओसरी, गोठा, आड, काही सोडलं नाही. मुंजाजीचं कोंबड्यांचं खुराडं मोजलं. लिंब मोजला, त्याचा घेर घेतला. साहेब तरुण होता, लांबचा होता, वागायला लय चांगला. कोतवालाला शेजारी बसवून एकाच किटलीतला चहा प्यायचा. सातव्या दिवशी ते वेशीपाशी आले. साहेबानं डावीकडं बोट केलं आणि विचारलं, इकडं काय आहे?

“मी म्हणालो, काय न्हाई साहेब. काटे हायत.”

संघप्रियानं वर पाहिलं. सिद्धोधनराव तिच्याकडं बघत नव्हते.

“कामून म्हणालो? वाट हाय म्हणालो असतो तर त्यानं इचारलं असतं, गावात एवढी फरशी घातलेली पेठ असताना ही वाट कशाला? मग सांगावं लागलं असतं. त्या पोराच्या शेजारी बसून चहा प्यालो होतो मी. मला लाज वाटली.”

मग ते आपल्या आईचं सांगू लागले. संघप्रियाला रुख्मिणीआजी धड आठवतही नव्हती, एक हिरवं लुगडं आणि खरखरीत तळवा, बस. सिद्धोधनराव दुसरीत होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत गुडघ्याएवढा चिखल व्हायचा. तसल्या पायांनी ते शाळेत पोचले, आणि फरशी घाण होईल म्हणून मास्तरांनी दिवसभर बाहेर उभं केलं. घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाण्याहून येताना आईच्या डोक्यावर दोन घागरी होत्या, आणि हातात नदीतला एक चपटा दगड. तो तिनं चिखलात दाबला आणि पायानं हलवून बघितला.

“त्या दिसापासून दर खेपेला एक दगड. कधी दोन आणले न्हाईत, कधी रिकामी आली न्हाई. चिखलात रुतले की त्याच्यावर दुसरा. मी सातवी झालो तवा कुठं वाट पुरी झाली. नदीपासून शाळेच्या मागच्या दारापर्यंत.”

भोयांपैकी कुणीतरी जाळं झटकलं. सिद्धोधनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्या दगडांवरून चालून मी सातवी झालो. सातवी झालो म्हणून कोतवाल झालो. आन् कोतवाल झालो तर तिचीच वाट काटे म्हणून सांगितली. घराचा मावेजा घेतला, लिंबाचेबी पैसे घेतले. मायनं केलेल्या वाटंचं नाव कुठल्या कागदावर लागलं न्हाई. मी लागू दिलं न्हाई.”

अण्णा आपल्या मुक्या दारापुढून का फिरले, ते आता संघप्रियाला कळलं. आणि तीच गोष्ट आपण दुसऱ्यांदा केली, शरमेपोटी नाही तर रागापोटी, तेही कळलं. बापानं मोजणीत वाट सोडली, लेकीनं त्या जागी भिंत घातली. हे सगळं तिला बोलायचं होतं. पण ती वेगळंच बोलली, कारण दिवस फक्त तीन उरले होते.

“किती होते दगड?”

“मोजले न्हाईत. सगळं गाव मोजलं, ते तेवढे न्हाई.” सिद्धोधनराव उठले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “पर पायाला ठाऊक हायत. चल.”

भिंत काढायला काही क्षण पुरले. वाट घालायला तीन दिवस कमी पडतील असं दिसू लागलं. सिद्धोधनराव कसले चिकट निघाले म्हणता! दगडाचा रंग त्यांना पसंत पडेना. दुधनेतला दगड असा भगभगीत नसतो, म्हणाले. मग बाभळीची सावली चुकीच्या अंगाला पडते म्हणाले, सकाळी शाळेला जाताना ती पायावर यायची. संघप्रियानं ती फिरवली. पुण्याच्या कंपनीतला कुठलाही साहेब इतका खुसपट काढणारा नव्हता, असं ती आईला म्हणाली. पण ते सांगतील तितकं ती करत होती, जेवण ताटात निवत होतं, आणि सत्यशीलाबाईंनी त्यावर एकदाही तोंड वाजवलं नाही.

दोन दगडांमधलं अंतर काही केल्या जमेना. सिद्धोधनराव अंगणात डोळे मिटून चालत, टांग टाकत, जिथं पाय पडेल तिथं संघप्रिया खडूनं खूण करी आणि तेच अंतर खेळात घेई. मग ते रिमोट हातात घेऊन चालून बघत आणि मान हलवत. न्हाई, असं न्हाई. शुक्रवार असाच गेला.

शनिवारी सकाळी सत्यशीलाबाई अंगणवाडीला निघाल्या होत्या. त्या दारात थांबून ह्या दोघांचा तमाशा बघत होत्या.

“दुसरीतल्या पोराची टांग एवढी असती व्हय?” त्या म्हणाल्या. मग पिशवी खाली ठेवून, पदर खोचून, त्यांनी अंगणात चालून दाखवलं. बावीस वर्षं रोज ज्यांना पोरं चालताना दिसतात त्या बाईचं चालणं ते. छोटं छोटं पाऊल, मधूनच एक उडी.

संघप्रियानं घाईघाईनं खुणा केल्या, दगड त्या अंतरावर सरकवले. सिद्धोधनरावांनी रिमोट घेतलं. माणूस लिंबापासून निघाला, डावीकडं वळला आणि पहिल्या दगडावर पाय पडला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, अडखळ न होता, सहज. सिद्धोधनराव अर्ध्या वाटेत थांबले.

“डोक्यावर दोन घागरी घिऊन तिला ह्या दगडांवरून चालता यायचं न्हाई,” ते हळूच म्हणाले. “लय जवळ जवळ हायत. ती कडंनं, चिखलातून चालायची. मला आठवतंय. ती चिखलातूनच चालायची.”

साठी उलटलेल्या माणसाला ही गोष्ट त्या घटकेला समजली. आईनं वाट स्वतःच्या पावलाला केलीच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. सत्यशीलाबाईंना अंगणवाडीला उशीर होत होता, तरी त्या तिथंच उभ्या राहिल्या.

मग सिद्धोधनराव पोरीला म्हणाले, “तुझं ते मोबाइल चालू कर. दारावर माझा आवाज लावू नको. दार मोजलेलं हाय, त्याला ऱ्हाऊ दे तसंच. मी दगडांवर बोलतो.”

ते बोलले. दुपारपर्यंत बोलले. संघप्रियाचा हात मोबाइल धरून धरून अवघडला, पण तिनं तो बदलला नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला शाळेची खोली भरली. मागं लोक उभे होते. भिंतीवर पांढरी चादर लावून मास्तरांनी शाळेचा प्रोजेक्टर जोडून दिला होता. एकेकानं समोरच्या बाकावर बसून रिमोट घ्यायचं आणि गावात शिरायचं. मुंजाजीनं आपल्या ओसरीवर इतका वेळ काढला की लोकांनी त्याला हाताला धरून उठवलं. जीवन वाणी स्वतःचाच आवाज ऐकून लाजला. आतापर्यंत जो बसला तो घाईघाईनं वेशीतून आपापल्या दाराकडं पळाला होता, डावीकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. संघप्रियाला वाटायला लागलं होतं की ती वाट ह्या सगळ्या गर्दीतूनही न दिसताच राहणार. सिद्धोधनराव मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

नर्मदाबाईंची पाळी आली. ह्या आधी एकदा खेळलेल्या, त्यामुळं त्यांना घाई नव्हती. त्यांनी पडद्यावरच्या माणसाला लिंबाखाली उभं करून इकडंतिकडं बघू दिलं. मग वेशीकडं निघाल्या आणि वेशीच्या दारातच थांबल्या.

“हे परवा नव्हतं,” त्या म्हणाल्या. “हे दगड. कोतवाल, ही वाट कुठली? मी पन्नास वर्सं त्या गावात काढली, मला कधी दिसली न्हाई.”

खोलीतला गलका खाली बसला. ज्यांना ठाऊक होतं ते म्हातारे पायांकडं बघायला लागले. नर्मदाबाईंचा मुलगा महारुद्र, जो एकदा सरपंच होऊन गेला होता, पुढं वाकून म्हणाला, “आई, वेशीतून चल. आपलं घर तिकडं हाय.”

संघप्रियाच्या तोंडाशी शब्द आले. तिनं दात दाबून धरले. सांगायचं असेल तर ते तिनं सांगायचं नव्हतं. दारात उभा केलेला तो माणूस, खांद्यावर गाठोडं, जागच्या जागी श्वास घेत होता. नर्मदाबाईंनी लेकाचं ऐकलं की नाही ते कळलं नाही, पण अंगठा काही हलला नाही.

मागून सिद्धोधनराव आले. गर्दीनं त्यांना वाट दिली. ते नर्मदाबाईंच्या शेजारी, त्याच बाकावर बसले.

“माझ्या मायची वाट हाय, काकू,” ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, दवंडी देणाऱ्या गळ्यानं. “तुमाला वेस होती, म्हणून दिसली न्हाई. आमाला वेस नव्हती, म्हणून तिनं ही केली. मोजणीत मी दावली न्हाई. आज दावतो. चला.”

महारुद्र सरळ झाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मग म्हातारीनं माणसाला वेशीच्या दारातून मागं घेतलं, लिंबाला वळसा घातला आणि डावीकडं वळवलं. पहिल्या दगडावर पाऊल पडताच सिद्धोधनरावांचा आवाज खोलीत घुमला, दुसरीतल्या चिखलाचा, मास्तरांचा, एका दगडाचा. खरे सिद्धोधनराव शेजारी गप्प बसून होते. दुसरा दगड बोलला. नर्मदाबाईंनी पुढं पाऊल टाकायला अंगठा दाबला.

“दमानं, काकू,” सिद्धोधनराव म्हणाले. “हा दगड हालतो.”

संघप्रियानं चमकून वडिलांकडं पाहिलं. हे त्यांनी तीन दिवसांत तिला सांगितलं नव्हतं. खेळातला तो दगड पक्का होता, जागचा हलणार नव्हता. पण नर्मदाबाईंनी अंगठा हलका केला, आणि तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं सिद्धोधनरावांचा दंड घट्ट धरला.